पांढरी पाचच्या जरा वर

सकपाळभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी फ्रिजला हात लावत. यजमान "बसा, बसा" म्हणत पंखा लावत असे, आणि भाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून, फ्रिजच्या अंगावर तळवा टेकवून, मान जराशी कलती करून ऐकत असत. मग समाधानाने म्हणत, "पांढरी पाचच्या जरा वर. बरोबर हाय." एवढं झालं की खुर्चीत बसत. आमच्या घरी त्यांनी पहिल्यांदा हेच केलं तेव्हा माझ्या बायकोला, अनघाला, वाटलं की पाहुण्यांना गार पाणी हवंय आणि संकोचाने मागता येत नाहीये. तिने बाटली काढून दिली. भाऊ पाणी प्यायले आणि म्हणाले, "पाणी पण चांगलं हाय."

ज्यांनी कधी पेटी हाताळलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेटीवाले पट्ट्यांना नंबर देतात. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, असे. पांढरी पाचच्या पुढे काळी चार येते. विजेवर चालणारी यंत्रं, म्हणजे फ्रिज, पंप, रस्त्याकडेचा ट्रान्सफॉर्मर, जो घुमारा धरतात तो या दोन पट्ट्यांच्या मधे पडतो. म्हणजे पेटीवर तो सूर वाजवताच येत नाही. त्याला पट्टीच नाही. हे मला भाऊंनी सांगितलं आणि मी ते मागाहून आकड्यांत तपासून घेतलं. दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर तो सूर पांढरी पाचच्या वर पस्तीसाव्या भागावर येतो. मी हिशेबाच्या कामातला माणूस आहे. गाण्यातलं मला कळत नाही, पण पस्तीस हा आकडा बरोबर आहे.

भाऊ आमच्या सोसायटीत आले ते पोफळीहून निवृत्त होऊन. आमची इमारत रत्नागिरीत, मांडवीच्या किनाऱ्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. खारा वारा सतत येतो आणि खिडक्यांच्या बिजागऱ्या दर दोन वर्षांनी बदलाव्या लागतात. ते आले त्याच आठवड्यात मी त्यांना पंपाच्या खोलीबाहेर उभं पाहिलं. मी तेव्हा सोसायटीचा खजिनदार होतो, म्हणून चौकशी केली.

"बेअरिंग चाललंय," ते म्हणाले. "खालचा घुमारा ठीक हाय. पण वर एक बारीक शिटी वाजतेय. ऐकू येत नाय तुला?"

मला येत नव्हती. त्यांनी माझ्या खांद्याला धरून मला दाराच्या फटीजवळ उभं केलं. तेव्हा कुठे ती शिटी मला सापडली, एखाद्या डासासारखी. मिस्त्रीने पंप उघडला तेव्हा बेअरिंग खरोखरच गेलेलं निघालं. त्या दिवसापासून आमची ओळख झाली. माझ्यापेक्षा बऱ्याच वडील माणसाला मी "भाऊ" म्हणू लागलो आणि ते मला "सुधीर" आणि "अरे" म्हणू लागले.

पोफळीचं वीजघर डोंगराच्या पोटात आहे. बोगद्यातून आत जायचं आणि पाळी संपली की बोगद्यातून बाहेर यायचं. भाऊंची सगळी नोकरी तिथे गेली, नियंत्रण कक्षात ऑपरेटर म्हणून. शेवटच्या काळात ते नव्या भरतीच्या मुलांना शिकवत. थांबलेलं यंत्र सुरू करून ते चालू असलेल्या विजेच्या जाळ्याला जोडणं हे त्या कामातलं सगळ्यात नाजूक काम. ते कसं करतात असं मी विचारलं तेव्हा त्यांनी मला एसटीचा दाखला दिला.

"समज, एसटी चालू हाय आणि ती थांबणार नाय. तुला चढायचंय. काय करशील?"

"बाजूने धावेन."

"तिच्याच वेगानं धावशील. वेग जुळला, दार तुझ्यासमोर आलं, की पाय टाकशील. न जुळता पाय टाकलास तर?"

"पडेन."

"तू पडशील. तिथं यंत्र मोडतं. म्हणून भिंतीवर घड्याळासारखं एक मीटर असतं. एकच काटा. यंत्राची आणि जाळ्याची चाल जुळत आली की काटा सावकाश फिरायला लागतो. तो बाराच्या जागी आला की बटण." मग ते आपलं नेहमीचं वाक्य म्हणाले, जे मी नंतर इतक्या वेळा ऐकलं की आता ते त्यांच्याच आवाजात आठवतं. "जुळल्याशिवाय जोडायचं नाय."

हे वाक्य ते नळाच्या वॉशरपासून माणसांपर्यंत सगळ्याला लावत. मुलीचं, प्रज्ञाचं, लग्न ठरवताना त्यांनी मुलाकडच्यांच्या घरी इतक्या खेपा घातल्या की शेवटी मुलाच्या वडिलांनी त्यांना एक चप्पलजोड तिथेच ठेवायला सांगितलं. सुमनवहिनी हा किस्सा रंगवून सांगत. "आणि मला बघायला आले तेव्हा? चहा निवायच्या आत हो म्हणाले. विचारा की यांना, भावजी, तेव्हा कुठं होतं यांचं मीटर?"

"तेव्हा काटा बाराला होता," भाऊ वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणत.

"आणि आता?"

"आता फिरतोय."

भाऊंचे वडील चिपळूणकडच्या त्यांच्या गावातल्या गायनपार्टीत पेटी वाजवत. बौद्धवाडीतल्या विहारात जयंतीला, बुद्धपौर्णिमेला त्यांची पार्टी उभी राहायची. तीच पेटी भाऊंकडे आली आणि भाऊ पोफळीहून दर जयंतीला रजा काढून गावी वाजवायला जात. त्यांच्या चालीवर बसवलेली चार-सहा गाणी गावात अजून म्हणतात. पण त्यांच्या डोक्यात एक चाल अशी होती जी पेटीवर बसत नव्हती. तिला शब्द नव्हते. ती त्यांना वीजघरात सुचली होती.

मांडवीच्या धक्क्यावर बसून एका संध्याकाळी त्यांनी ती मला सांगितली. गुणगुणली थोडीच, सांगितली जास्त. "पाळी संपली की आम्ही बोगद्यातून चालत बाहेर यायचो. मागं घुमारा. तो कमी कमी होतो, पण सुटत नाय. छातीत राहतो. मग लांबवर उजेडाचं टिकलीएवढं भोक दिसतं. ते मोठं होतं. आणि बोगद्याच्या तोंडाशी आलास ना, की एकदम पाखरं. सगळ्यांत वर. बारीक. आत दिवसभर त्या आवाजात बसलेल्याला ती पाखरं काय वाटतात ते तुला नाय कळायचं." त्यांनी हाताने खालून वर एक चढ काढून दाखवला. "घुमाऱ्यापासून निघायचं आणि पाखरांपर्यंत जायचं. एवढंच हाय. पण घुमारा खरा पाहिजे. पांढरी पाच चालणार नाय, काळी चार चालणार नाय. आणि खाली तो धरून ठेवून वर चढायचं हाय."

ते एका पेटीचं आणि एका माणसाचं काम नव्हतं. प्रज्ञाने त्यांना आपला जुना लॅपटॉप दिला आणि सांगितलं की आता संगणकावर एकटा माणूस थर रचून अख्खं संगीत करू शकतो. खालचा सूर आधी नोंदवायचा, मग त्यावर दुसरा, मग तिसरा. त्यासाठी एक सिंथेसायझर घ्यायचा आणि तो लॅपटॉपला जोडायचा. भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्याकडे आले. फ्रिजला हातही न लावता म्हणाले, "तू आकड्यांचा माणूस. माझ्याबरोबर बस. पहिला सिंथेसायझर निवडायचाय. पहिला म्हणजे शेवटचाच."

आम्ही बसलो. मला यातलं काही माहीत नव्हतं, पण वाचून समजण्यासारखं होतं. पहिला फाटा असा होता की काही कीबोर्डना स्वतःचा आवाजच नसतो. आपण पट्टी दाबायची, आणि आवाज संगणक काढतो. ते हलके असतात आणि नवशिक्यांना तेच घ्यायला सांगतात. भाऊंनी ते पहिल्याच दिवशी बाद केले. "मुका नको मला. लॅपटॉप बंद पडला तरी सूर चालू राहिला पाहिजे." दुसऱ्या एका प्रकारात आवाज फार भरदार, पण एका वेळी एकच सूर वाजणार. "मग घुमारा कोण धरणार? तू?" तोही गेला. उरलेल्यांचा मी एक तक्ता केला. पट्ट्या किती, एका वेळी सूर किती, पट्टी हळू किंवा जोरात दाबली तर फरक पडतो का, सूर किती बारीक सरकवता येतो, आणि बिघडला तर दुरुस्त कुठे होतो. पैशांचा प्रश्न नव्हता. वहिनींनी तर सुरुवातीलाच सांगितलं होतं, "काय ते घ्या आणि वाजवा एकदाचं."

आधी आम्ही रत्नागिरीतच एका दुकानात गेलो. दुकानदार उत्साही होता. त्याने एक कीबोर्ड चालू केला आणि एक बटण दाबलं. आतून अख्खी वरात बाहेर आली.

"काका, यात दोनशे ताल आहेत!"

"ताल राहू दे. सूर दाखव."

"सूर पण आहेत की. बासरी आहे, व्हायोलिन आहे, कुत्रा भुंकतो तो पण आहे."

"कुत्रा आमच्याकडे हाय," भाऊ म्हणाले. "जरा पंखा बंद करतोस?"

पंखा बंद झाला. भाऊंनी एक पट्टी दाबून धरली आणि कान कीबोर्डाच्या छातीला लावला. दुकानदार माझ्याकडे पाहू लागला. सूर हळूहळू विरत गेला. भाऊ उठून उभे राहिले. "हा दम सोडतो. मला न सोडणारा पाहिजे." बाहेर पडताना त्यांनी त्या दुकानदाराला पंख्याचा कपॅसिटर बदलायला सांगितलं.

पुढे मला कामासाठी मुंबईला जायचं होतं. भाऊही प्रज्ञाकडे जाणार होते, म्हणून आम्ही ठरवून दादरच्या एका वाद्यांच्या दुकानात भेटलो. तिथे माझ्या तक्त्यातला दुसऱ्या नंबरचा सिंथेसायझर मांडलेला होता. काळा, एकसष्ट पट्ट्यांचा, वर फिरवायच्या गोल खुंट्या. तिथल्या तरुण विक्रेत्याने हेडफोन देऊ केले. भाऊंनी ते नाकारून स्पीकर लावायला सांगितलं. त्यांनी डाव्या हाताने पांढरी पाच दाबली आणि विक्रेत्याला म्हणाले, "हा वर सरकव. हळू." पडद्यावर आकडे चढू लागले. दहा. वीस. तीस. भाऊंचे डोळे मिटलेले होते. पस्तीसवर त्यांनी उजवा हात वर केला.

तो हात तसाच राहिला. दुकानात दुसरी गिऱ्हाइकं होती, कुणीतरी गिटार लावत होतं, पण भाऊ तिथे नव्हते. मग त्यांनी खालचा सूर न सोडता उजव्या हाताने वर चढायला सुरुवात केली. बोगद्याची चाल. मला गाण्यातलं कळत नाही हे मी सांगितलंच आहे. पण गिटार लावणारा मुलगा थांबला हे मी पाहिलं. भाऊ वरच्या टोकापर्यंत गेले, तिथे बोटांनी काही बारीक थरथरतं असं केलं, आणि डोळे उघडून हसले. "पाखरं," मला म्हणाले.

मी तेव्हा मनात धरून चाललो की काम झालं.

मग विक्रेत्याने तोच सिंथेसायझर संगणकाला जोडून दाखवला. आता आवाज संगणकातून फिरून येत होता. भाऊंनी एक पट्टी दाबली. पुन्हा दाबली. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"उशिरा बोलतोय."

"सर, दहा मिलिसेकंद असेल. माणसाला कळत नाही ते."

"मला कळलं."

"वेगळा एक डबा मिळतो सर, तो मधे लावला की कमी होतं. लॅपटॉप जरा नवा घेतला तर आणखी कमी होईल. पण तुम्ही घ्या तर हा, बाकीचं घरी जुळवून..."

"घरी नाय. आधी जुळतं का ते बघू." आणि माझ्याकडे वळून त्यांनी ते वाक्य म्हटलं. आम्ही रिकाम्या हाताने परत आलो.

तिथून पुढे जे झालं त्याला मोठं कारण काही नव्हतं. कारणं सगळी लहान होती आणि प्रत्येक कारण बरोबर होतं. मधे लावायचा डबा कोणता ते ठरायला वेळ गेला, कारण तो जुन्या लॅपटॉपशी जुळत नव्हता. लॅपटॉप बदलायचा तर प्रज्ञाच्या सवडीने बदलायला हवा होता. मग पावसाळा आला आणि भाऊ म्हणाले, या हवेत नवं यंत्र खोक्यातून काढायचं नाही, आतले सांधे गंजतील. पावसाळा संपला तोवर त्या कंपनीचा नवा नमुना येणार अशी बातमी आली. नवा आला तर त्याच्या पट्ट्या जुन्यापेक्षा हलक्या निघाल्या. मी तक्त्यात नवे रकाने घालत गेलो. भाऊ प्रत्येक रकाना वाचून म्हणत, "येतोय. काटा सावकाश झालाय."

"सावकाश झालाय का थांबलाय?" वहिनी विचारत. "अवो, त्या दुकानात एवढं छान वाजवलंत म्हणे. भावजींनी सांगितलं. मी कधी ऐकायचं?"

"ऐकशील गो. एकदा लागलं की रोज ऐकशील. कंटाळशील."

"कंटाळू तरी दे!"

भाऊ चाल विसरले नव्हते. धक्क्यावर बसले की बोटं मांडीवर चालत असत. मी पाहत असे. खालचं बोट हलत नसे.

एका सकाळी मी ऑफिसला निघालो तेव्हा पंपाच्या खोलीतून ती शिटी आली. तीच, डासासारखी. आता मला ती ओळखू येत होती, भाऊंनीच शिकवली होती. भाऊ खोलीच्या दारातच उभे होते, रोजच्यासारखे, तळवा दारावर टेकवून.

"पुन्हा बेअरिंग, नाही का भाऊ?" मी म्हणालो.

"छे. ठणठणीत चाललाय."

मला वाटलं ते गंमत करताहेत. मी थांबलो. शिटी स्पष्ट वाजत होती. भाऊंची मान त्यांच्या सवयीप्रमाणे कलती होती आणि चेहरा समाधानी होता.

"वरचा आवाज, भाऊ. बारीक."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दाराच्या फटीला कान लावला. मग दुसरा कान लावला. बराच वेळ ते तसेच उभे होते. मला ऑफिसला उशीर होत होता, पण पाय निघेना. शेवटी ते सरळ झाले आणि म्हणाले, "मिस्त्रीला बोलाव. तू म्हणतोस तर असेल."

ते असं कधी म्हणत नसत.

कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. एक रेघ डावीकडे ठीक चालली होती आणि उजवीकडे जाताना उताराला लागली होती, टोकाला तर पार तळाशी. वर्षानुवर्षं यंत्रांजवळ काम केलेल्या माणसांचं असं होतं, त्यात वयाची भर, असं डॉक्टर म्हणाले. खालचे आवाज शेवटपर्यंत चांगले ऐकू येतील. वरचे गेले ते गेले. हे हळूहळू होत आलेलं होतं. मधल्या त्या सगळ्या काळात, आम्ही रकाने भरत होतो तेव्हा, ती रेघ उतरत होती. आलेखासारखी गोष्ट वाचायला मला कुणी शिकवावं लागत नाही. मी ती एकदा पाहिली आणि पुन्हा पाहिली नाही.

भाऊंनी घरी आल्याबरोबर प्रज्ञाला फोन केला आणि दादरचा तोच काळा सिंथेसायझर मागवायला सांगितला. डबा कोणता, लॅपटॉप कोणता, काही विचारलं नाही. पाचव्या दिवशी खोकं आलं. मी जोडणी केली. प्रज्ञाने आपणहून एक नवा लॅपटॉप आणि विक्रेत्याने सांगितलेला तो मधला डबाही पाठवला होता, तेही जोडले. पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर आता जवळजवळ नव्हता. जे जुळायचं म्हणून थांबलो होतो ते अर्ध्या दुपारीत जुळलं.

आकडा पस्तीसवर नेला. खोलीत घुमारा भरला. वहिनी कणकेच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "पोफळीच की." वीजघराच्या कॉलनीतल्या घरात त्यांनी कितीतरी वर्षं तो लांबून ऐकलेला होता. भाऊंनी तो नोंदवला. त्यावर पावलांचा थर घातला. दुसऱ्या दिवशी उजेडाचा. मी संध्याकाळी येऊन लॅपटॉपवरची कामं करून देत असे. सगळं चांगलं चाललं होतं. मग ते वर चढू लागले.

कानातलं यंत्र त्यांनी घेतलं होतं, पण बोलणं ऐकायला ते ठीक होतं, सुरांना नाही. त्यातून सगळं पत्र्याच्या डब्यात पडल्यासारखं येतं असं ते म्हणत आणि काढून ठेवत. ते पट्टी दाबत, आणि माझ्याकडे बघत.

"वाजला?"

"वाजला."

"कसा हाय?"

"बरा आहे."

"बरा म्हणजे? गोड हाय का टोचतोय? पाखरू वाटतं का शिटी वाटते?"

मला सांगता येत नव्हतं. पडद्यावर त्या सुराचा नंबर दिसत होता, तो किती जोरात दाबला ते दिसत होतं, किती वेळ धरला ते दिसत होतं. मी ते सगळं त्यांना वाचून दाखवलं. ते शांतपणे ऐकून घेत होते. मग त्यांनी वहिनींना बोलावलं. वहिनींनी ऐकलं आणि त्या म्हणाल्या, "छान हाय की."

"छान नको सांगू गो. काय हाय ते सांग."

भाऊंनी आवाज वाढवला, खुंट्या फिरवल्या, पुन्हा दाबलं. मांडवीकडून वारा येत होता आणि खिडकीबाहेर पोफळीच्या झाडावर खरीखुरी पाखरं ओरडत होती. ती मला ऐकू येत होती. त्यांनी दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलून मांडीवर ठेवले.

"सुधीर, मी तुला एक अर्धवट सांगितलं होतं," ते म्हणाले. "त्या काट्याचं. काटा बाराला आला की बटण दाबायचं, असं मी म्हटलं ना? ते तसं नसतं. बटण दाबल्यापासून आतला खटका बसेपर्यंत क्षणभर जातो. बाराला आल्यावर दाबलंस तर खटका बसेपर्यंत काटा पुढं गेलेला असतो. म्हणून बाराच्या जरा आधीच दाबायचं. काटा येतोय एवढं दिसलं की दाबायचं. नव्या पोरांना हे पटत नसे. ती बरोबर बाराची वाट बघत बसायची. मी ओरडायचो त्यांच्यावर." ते हसले. "किती ओरडायचो. आणि बघ."

त्यानंतर त्यांनी तो लॅपटॉप उघडला नाही. सिंथेसायझर मात्र रोज चालू करत. संध्याकाळी दार उघडं असलं की जिन्यात तो घुमारा ऐकू यायचा. फक्त तो एक सूर, दाबून धरलेला. वहिनी त्यांच्याजवळ भाजी निवडत बसलेल्या असत. मी वर जात असे, बसत असे. पुढच्या हिवाळ्यात भाऊ गेले. हृदयविकाराचा झटका आला, आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

वहिनींनी सिंथेसायझर गावच्या विहाराला दिला. लॅपटॉप प्रज्ञा घेऊन गेली. त्यात बोगद्याच्या तोंडापर्यंतची चाल आहे. पुढे काही नाही.

यंदा जयंतीच्या आदल्या दिवशी मला गावातून फोन आला. गायनपार्टीचे पेटीवाले तांबे बोलत होते. "साहेब, तुम्ही भाऊंच्या सोबत हे यंत्र निवडलंत असं वहिनी म्हणाल्या. यंत्र झकास हाय, पण पेटीशी लागत नाय. सगळं जरा वर बोलतंय. बिघडलं का?"

"बिघडलेलं नाही," मी म्हणालो. "मी येतो."

वहिनी माझ्याबरोबर आल्या. विहारात पताका लावायचं काम चाललं होतं, बायका चटया अंथरत होत्या. तांबे पेटी घेऊन तयारच होते. मी यंत्र चालू केलं. आकडा पस्तीसच होता. खरं तर लगेच खाली आणायचा, पण मी आधी डाव्या हाताने पांढरी पाच दाबली आणि धरून ठेवली. घुमारा भिंतींना लागला. वहिनी दाराशी चप्पल काढत होत्या, त्या वाकलेल्याच थांबल्या. पलीकडून एक म्हातारी कुणाला तरी ओरडली, "अगो, टाकी भरली वाटतं, मोटार बंद कर!"

वहिनी माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"करा खाली," त्या म्हणाल्या. "उद्या गाणी अडायला नकोत. त्यांच्या पण चाली हायत त्यात."

मी बटण दाबून धरलं. चौतीस. तेहतीस. बत्तीस. आकडे भराभर उतरले. शून्य आल्यावर तांब्यांनी पेटीचा भाता ओढला आणि पांढरी पाच दिली. मी इकडची दिली. दोन्ही आवाज एक झाले. तांब्यांनी मान हलवली.

"जुळलं?" वहिनींनी विचारलं.

"जुळलं," मी म्हणालो.